उना का

नमुना घेतला की नळीला काळा कागद गुंडाळायचा,
हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
ड जीवनसत्त्व तपासायच्या रक्ताला उजेड चालत नाही.
मग नळ्या थंड डब्यात, डबा दुपारच्या एस्टीने धुळ्याला.
बाहेर पंचेचाळीस. डांबर चपलेला धरून ठेवतं.
कंडक्टर विचारतो, काय सिस्टर, कुल्फी का?

चौथ्या दिवशी आकडे आले.
सात. नऊ. सहा. अकरा. परत सात.
बासष्ट बायकांत तिघीच विशीपार,
त्यातल्या दोघी गेल्याच महिन्यात
वीटभट्टीवरून उचलून आणलेल्या.

मी संगमेश्वरची. आमच्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत.
मला वाटलेलं, ह्या मुलखात ऊन तरी फुकट असेल.
फुकटच आहे.
पण दोन आया आणि एक किल्ली.
साडेतीनला ग्रिलमधून पाच चौकोन आत पडतात,
बायका ते ओलांडून चालतात,
नुकत्या पुसलेल्या फरशीसारखे.

डॉक्टर नेहेते म्हणाले, ह्यांच्या गोळ्यांनी कातडी भाजते,
सकाळी सातला काढा बाहेर.
मग स्वतःच म्हणाले, सातच्या कोवळ्या उन्हात
काही बनत नाही हो. सूर्य वर चढावा लागतो.
पंखा फिरत होता. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो.

समोर स्वयंपाकघराच्या गच्चीवर बिबड्या होत्या.
सुपडाबाईंनी पहाटे लुगड्यावर थापलेल्या,
ज्वारीच्या, तीळ-लसूण घातलेल्या,
दहाच्या उन्हात कडेकडेने उचलून येत होत्या.
त्यांना कुणाची सही लागत नव्हती.

रजिस्टरात ‘उन्हात नेणे’ असा रकाना नाही.
‘स्वयंपाकघर मदत’ असा आहे.
मी आठ नावं लिहिली.

ठगूबाई. वय अंदाजे पन्नास. गाव माहीत नाही.
आकडा सहा.
बारा वर्षांत ती एवढंच बोलते, दाराकडे बघून,
उना? उना का?
मी ऐकलं ते ‘उन्हा’.
इकडे ह गिळत असतील, असं धरून चालले.
खरं सांगते, मला रडू आलं.
ही बाई बारा वर्षं स्वतःचं औषध स्वतः मागतेय
आणि आम्ही तिचं रक्त काढतोय.

गच्चीवर ती उकिडवी बसली. बिबडी उलटली.
दुसरी उलटली. पाठीवर ऊन, पदर खांद्यावर.
पंधरा मिनिटं मी घड्याळात मोजली.
मग उठली, कपाळावर हात धरून
पारोळ्याच्या रस्त्याकडे बघत म्हणाली,
उना का?
मी म्हटलं, हो ना ठगूबाई, हे काय, ऊनच ऊन.

सुपडाबाई हसल्या. हसता हसता थांबल्या.
‘ताई, ती ऊन नही मांगत.
उना म्हंजे आला.
आला का, इचारस ती.’
कोण?
सुपडाबाईंनी लुगड्याची कड ओढून सरळ केली.
‘ते कोनले माहीत.’

दर सोमवारी साठ हजाराची पुडी, दुधातून.
बिबड्या संपल्या तेव्हा मी ‘गोधड्या’ लिहिलं.
पावसात काहीच लिहिता आलं नाही.
मग नंदुरबारच्या ओल्या मिरच्या आल्या.
डिसेंबरात पुन्हा नळी, पुन्हा काळा कागद.
एकतीस.
जिना चढताना आता ती कठडा धरत नाही,
मांडी दुखते म्हणून रात्री बसून राहत नाही.
डॉक्टरांनी एकतीसखाली दोन रेघा ओढल्या.

मीही थोडं शिकलेय.
वर पोचलो की सांगते, ऊन उनं, माय.
ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघते.
एस्टी थांबते. निघते. धूळ बसते.
मग ती बाह्या कोपरापर्यंत वर करते
आणि मिरच्यांचे देठ खुडायला बसते.